आबांच्या गाडीचं जड स्टेअरिंग

आमच्या घरात माणसाची लायकी ठरवायची एक साधी पद्धत होती. त्याला गॅरेजमध्ये न्यायचं, आजोबांनी घेतलेल्या विलायती गाडीत बसवायचं, आणि गाडी जागच्या जागी उभी असताना स्टेअरिंग डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत फिरवायला सांगायचं. फिरवलं तर माणूस. नाही फिरवलं तर चहा पिऊन जायचं.

ही पद्धत आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी काढली. आबा आता एक्याऐंशी वर्षांचे आहेत. तरुणपणी ते तालमीत जायचे. त्यांनी कुस्त्या किती मारल्या हा आकडा दर वर्षी थोडा वाढतो. गाडी मात्र तेवढीच राहिली आहे. बाटलीसारखी गडद हिरवी, पुढे दोन मोठे डोळे, दाराबाहेर फुटबोर्ड, आणि आत परातीएवढं स्टेअरिंग. ते स्टेअरिंग भयंकर जड होतं, आणि घरात त्या जडपणाचाच अभिमान होता. लोक आपल्या गाडीचा वेग सांगतात, आबा वजन सांगायचे. परीक्षा घेताना इंजिन चालू पाहिजे, हा त्यांचा नियम. मेलेल्या गाडीचं स्टेअरिंग काय कुणीही फिरवील, असं त्यांचं म्हणणं. इंजिन चालू असल्यानं स्टेअरिंगच्या वजनात काय फरक पडतो, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. आवाजानं गल्ली जमायची, हा फायदा मात्र होता.

माझ्या नवऱ्याला मला दाखवायच्या आधी गाडी दाखवली. बँकेतला साधा माणूस, त्याला वाटलं हौसेनं दाखवतायत. त्यानं अर्ध्यापर्यंत स्टेअरिंग नेलं आणि मनगट धरून खाली उतरला. आबांनी त्याला काठावर पास केलं, कारण मुलगा सुपारीसुद्धा खात नव्हता. आमच्या लग्नाच्या फोटोत त्याच्या उजव्या मनगटाला बांधलेली पट्टी दिसते. पाहुण्यांना आम्ही ती हळदीची म्हणून सांगतो.

माझा धाकटा भाऊ सोळाव्या वर्षी पास झाला. दोन्ही पाय समोर टेकवून, दात-ओठ खाऊन, शेवटी पाठीत उसण भरून, पण पास झाला. त्यासाठी त्याला दर रविवारी पहाटे गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर नेलं जायचं. तिथे म्हैस समोर उभी असते, धार थेट पेल्यात पडते आणि फेसासकट दूध तोंडाला लावायचं असतं. आबा एक पेला घ्यायचे, भाऊ एक घ्यायचा. मीही बरोबर जायची, पण मी भाजीची पिशवी धरून उभी असायची. मुलींना धारोष्ण दूध उष्ण पडतं, असं आबांचं वैद्यक होतं. म्हशीनं कधी तसं सांगितल्याचं मला आठवत नाही.

मी एकोणीस वर्षांची असताना एका दसऱ्याला, घरात सोनं द्यायला आलेली माणसं भरलेली असताना, मी म्हणाले, मी पण बघते. मी बसले. सगळ्या ताकदीनं ओढलं. स्टेअरिंग दोन बोटं हललं आणि थांबलं. आबा दारात उभे होते. ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "असू दे, उतर. मनगाट हाय ते, पण भाकरी थापायचं."

सगळे हसले. आईसुद्धा हसली. मी उतरले आणि आत जाऊन खरोखरच भाकरी थापल्या, कारण जेवायची वेळ झाली होती. मला त्या हसण्याचा राग आला होता आणि तो राग तेहतीस वर्षं जागचा हलला नाही. पुढे मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत लागले, इन्स्पेक्शन खात्यात. ट्रॅक्टरसाठी ओतलेले लोखंडी भाग माझ्या हाताखालून जातात, आणि मी नको म्हटलं की भले भले सुपरवायझर तो माल परत नेतात. नवऱ्याची छोटी गाडी मी पंधरा वर्षं चालवते आहे. आबा तिला डबी म्हणतात. त्या हिरव्या गाडीत मात्र त्या दिवसानंतर मी मागच्याच सीटवर बसले.

आई गेल्यावर आम्ही नवरा-बायको आबांकडेच राहायला आलो. मागच्या पावसाळ्यात एका सकाळी मी गॅरेजमध्ये छत्री शोधायला गेले, तर आबा गाडीत बसलेले. इंजिन चालू होतं, अंगात नुसता बनियन, आणि दोन्ही हात स्टेअरिंगवर. ते फिरवायचा प्रयत्न करत होते. डावा खांदा वर्षभर धरला होता हे मला माहीत होतं. बनियन पाठीला चिकटला होता. स्टेअरिंग जागचं हललं नव्हतं.

मी दिसले तसे ते घाईनं काच पुसायला लागले. काच पुसायला हातात फडकं लागतं, ते नव्हतं. मीही छत्री घेतल्यासारखं करून बाहेर आले, आणि छत्री तिथेच राहिली.

त्यानंतर आबांनी गाडीबद्दल बोलणं बंद केलं. गणपतीला गावी जायचं तर म्हणाले, एसटीनं जातो, नेसरीकडचा रस्ता स्प्रिंगांना वाईट हाय. हा तोच रस्ता ज्यावरून त्यांनी चाळीस वर्षं गाडी नेली होती. कट्ट्यावर जाणं थांबलं. मग एके दिवशी जेवताना म्हणाले, "ती गाडी इकून टाकू या. कोण चालवतंय आता?" ज्या माणसानं माझ्या नवऱ्याचं मनगट त्या गाडीवरून ओवाळून टाकलं होतं, तो माणूस हे म्हणत होता. मला त्यांची भीती वाटली. म्हणजे त्यांच्यासाठी भीती वाटली. आमच्याकडे दसऱ्याला ही गाडी तालमीपर्यंत जाते, जुने दोस्त जमतात, नारळ फुटतो. त्या दिवशी आबा गाडी घेऊन निघाले नाहीत तर ते नंतर कशासाठीच उठणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं.

आबांनी गाडी विकायचं म्हटल्याचं कुठून तरी पसरलं आणि एक गृहस्थ गाडी बघायला आले. डोक्यावर चपटी टोपी, गळ्यात भिंग. जुन्या गाड्यांच्या मंडळात ते मोठे आहेत म्हणे. आबा झोपले होते म्हणून मीच दाखवली. त्यांनी बॉनेटवर टिचकी मारली, दाराचा वास घेतला, आणि म्हणाले, "एकही स्क्रू बदलू नका हं. सगळं ओरिजिनल आहे. हात लावला की संपलं." मी विचारलं, स्टेअरिंग हलकं करून घेता येईल का? त्यांनी मी देवघरात चप्पल घालून आल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना म्हणाले, आमच्या वडिलांचा खांदापण ओरिजिनल आहे, आणि तो बदलून मिळत नाही. ते चहा न घेता गेले.

गणपतीत आबा आठ दिवस गावी गेले आणि दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींना घरी आणलं. मिस्त्री म्हणजे शिरोली नाक्याजवळ शेड असलेले चाचा. त्यांचे वडील संस्थानातल्या गाड्या दुरुस्त करायचे, आणि चाचांनी फाउंड्रीच्या टेम्पोपासून ऊस तोडायच्या मशीनपर्यंत सगळं उघडून परत बंद केलेलं आहे. माणूस भरवशाचा, फक्त बोलायला फटकळ. गाडी त्यांनी स्वतः चालवत शेडपर्यंत नेली. मी स्कूटरवरून मागे होते. प्रत्येक वळणाला ते ड्रायव्हरच्या सीटवरून अर्धे उभे राहायचे. शेडमध्ये उतरले तेव्हा शर्ट पिळून घ्यावा असे झाले होते.

"ताई, ह्येला स्टेरिंग म्हणत न्हाईत. ह्येला जातं म्हणत्यात," ते म्हणाले. "आबांनी ह्ये कसं चालवलं एवढी वरसं?"

"ताकदीनं," मी म्हणाले. दुसरं उत्तर आमच्या घरात शिकवलेलं नव्हतं.

चाचा गाडीखाली गेले. बराच वेळ नुसता खरवडल्याचा आवाज येत होता. मग त्यांचा आवाज आला. "ताई, ग्रीस कधी मारलंय हिला?"

मी म्हणाले, ग्रीसचं माहीत नाही, पण दर वर्षी रंग मारतात.

हेही आबांचंच. खंडेनवमीला सगळे जण अवजारांची, गाड्यांची पूजा करतात. हार घालतात, गंध लावतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. आबांना तेवढ्यावर भागत नव्हतं. ते आदल्या दिवशी पोतं अंथरून गाडीखाली जायचे आणि खालचं सगळं लोखंड काळ्या ऑइलपेंटनं रंगवून काढायचे, स्वतःच्या हातानं. मेकॅनिकला गाडीला हात लावू द्यायचा नाही, हा दुसरा नियम. गाडी म्हणजे लक्ष्मी, आणि लक्ष्मीला परक्यानं खालून बघायचं नाही.

चाचांनी मला खाली बोलावलं. मी ओढणी कमरेला बांधून पोत्यावर आडवी झाले. पुढची चाकं ज्या खुंट्यांवर वळतात त्या खुंट्यांना ग्रीस भरण्यासाठी लहान लहान तोंडं असतात. चाचा छिन्नीनं एक एक तोंड उकरत होते. वर काळा रंग होता, त्याखाली काळा रंग, त्याखालीही काळाच. बोटाच्या पेराएवढी खपली निघाली. थर मोजायला लागले असते तर माझ्या सगळ्या खंडेनवम्या त्यात निघाल्या असत्या. आबांनी प्रत्येक तोंड दर वर्षी निगुतीनं, भक्तिभावानं, नारळ फोडून बंद केलं होतं. आत एक थेंब ग्रीस गेलं नव्हतं. कोरडं लोखंड कोरड्या लोखंडावर घासत होतं, आणि आम्ही त्याला मर्दानगी म्हणत होतो.

मी पहिल्यांदा हसले. गाडीखाली आडवी पडून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग मला एवढा संताप आला की उठताना डोकं सायलेन्सरला आपटलं. म्हणजे नवऱ्याचं मनगट, भावाची पाठ, आणि भाकरी थापायचं माझं मनगट, हे सगळं एका ग्रीसच्या डब्यावरून. तो डबा गॅरेजच्या फळीवर सीलबंद पडून होता. मी लहानपणापासून त्यावरची धूळ पुसत आले होते.

चाचांना यात संतापण्यासारखं काही दिसलं नाही. त्यांनी ग्रीस मारलं, गंजाचं काळं पाणी बाहेर येईपर्यंत मारलं, आणि म्हणाले, "बसा, फिरवून बघा."

मी बसले. तेहतीस वर्षांनी त्या सीटवर बसले. इंजिन चालू करायला लावलं, नियम म्हणजे नियम. आणि ओढलं. जड होतं, पण आलं. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत, मग परत डावीकडे. हाताला रग लागली, पण मी पूर्ण फिरवलं. मी चाचांकडे पाहिलं. ते दुसऱ्या गाडीचा पाना शोधत होते.

"चाचा, बघितलं का?"

"बघितलं की. पण थांबलेल्या गाडीचं स्टेरिंग फिरवतंय कोण? जरा गाडी हलू द्यायची, मग वळवायचं. एवढं बी कुणी सांगितलं न्हाई व्हय तुमास्नी?"

कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या आयुष्यातला तो मोठा विजय अशा रीतीनं दोन टेम्पो आणि एक उघडा डिफरन्शियल यांच्या साक्षीनं पार पडला.

पण आबांच्या खांद्याला तेवढं पुरणार नव्हतं. चाचांनी भंगारात आलेल्या एका छोट्या गाडीची विजेवर चालणारी पॉवर स्टेअरिंगची मोटर काढली. ती स्टेअरिंगच्या मधल्या दांड्यावर बसवायची आणि डॅशबोर्डखाली अशी लपवायची की वरून परात तीच, दांडा तोच. जुन्या गाडीची वीज त्या मोटरीला पुरत नव्हती म्हणून वेगळी बॅटरी मागच्या सीटखाली गेली. किल्ली फिरवली की मोटर जागी व्हायची. दांड्याचा जोड मी फाउंड्रीत नेला. तडा दाखवणारा लाल रंग फवारून तपासला, मनासारखा नव्हता म्हणून परत पाठवला. चाचा माझ्यावर चिडले आणि दुसरा करून आणला, तो पास केला. वडिलांचा जीव त्या जोडावर असणार होता. तिथे मी कुणाला काठावर पास करणार नव्हते.

आबा गावाहून आले. गॅरेजकडे फिरकेनात. शेवटी मी म्हणाले, "आबा, गाडी जरा बाहेर घ्या. मला गॅरेज झाडायचंय."

त्यांनी कारणं शोधली, मिळाली नाहीत. बसले, गाडी चालू केली, थोडी मागे घेतली, आणि वळवण्यासाठी जुन्या सवयीनं सगळा जोर काढला. स्टेअरिंग गरकन फिरलं. गाडी फाटकाऐवजी माझ्या जास्वंदीच्या कुंडीवर गेली. कुंडी फुटली. आबा स्टेअरिंगकडे बघत बसले. डॅशबोर्डखालून मोटरीचा बारीक आवाज येत होता. मला वाटलं, संपलं, आता विचारणार.

आबांनी परत एकदा स्टेअरिंग फिरवलं, या वेळी हळू. मग खाली उतरले, छाती थोडी पुढे काढली आणि म्हणाले, "गावाकडं आठ दिस म्हशीचं दूध घेतलंय. त्येचा गुण हाय ह्यो."

झालं. दुसऱ्या दिवसापासून आबा कट्ट्यावर जायला लागले. आठवड्यात त्यांचा आवाज परत आला, आणि त्याबरोबर बाकीचं सगळंही आलं. नवऱ्याला रोज सकाळी ऐकावं लागायचं की कागदी डब्यातल्या दुधानं मनगटं अशीच होतात. पुण्याहून भावाचा फोन आला तर त्याला सांगितलं, "तू दोन हातानं फिरवलंस, मी ह्या वयात एका हातानं फिरवतोय." मी पलीकडे भाजी चिरत होते. मला विळी खाली ठेवून सगळं सांगून टाकावंसं वाटायचं. पण बनियन पाठीला चिकटलेला तो माणूस आठवायचा आणि मी भाजी बारीक करत राहायची.

आणि खरी गंमत पुढे होती. कुणी आलं की आबा मला हाक मारायचे. "ये की, बघ फिरतंय का तुला." मी फिरवलं असतं तर त्यांना क्षणात कळलं असतं की गाडीत काहीतरी केलंय. कारण बाईला फिरवता येतं म्हणजे गाडीच बिघडली, एवढं त्यांचं गणित पक्कं होतं. म्हणून मी बसायची, दात आवळायची, मान लाल करायची, आणि स्टेअरिंग दोन बोटं हलवून थांबायची. एका बोटानं फिरणारं स्टेअरिंग जड असल्यासारखं धरून ठेवायला जास्त ताकद लागते. पहिल्यांदा मी खरंच हरले होते. आता मी स्वतःच्या खर्चानं, स्वतः पास केलेल्या जोडावर हरत होते.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी म्हणाले, "आबा, या वर्षी खालचा रंग मी मारते." मला वाटलं भांडण होणार. गाडीखाली त्यांनी आजवर कुणाला जाऊ दिलं नव्हतं. पण ते नुसते "बरं" म्हणाले आणि ब्रश माझ्या हातात दिला. मी ग्रीसची तोंडं सोडून बाकीचं रंगवलं.

दसऱ्याला आम्ही तालमीकडे निघालो. आबांनी फेटा बांधला होता. नवरा पाहुण्यांसाठी घरी थांबला, म्हणून मी पुढे बसले. तालमीसमोर सात-आठ म्हातारे खुर्च्या टाकून बसले होते, एकेकाळचे पैलवान. त्यातल्या दोघांच्या हातात काठी होती. आबा उतरले आणि त्यांनी दुधाचं प्रवचन सुरू केलं. मग म्हणाले, "बसा की. बघा कुणाला फिरतंय."

इंजिन नियमाप्रमाणे चालूच होतं. पहिले गृहस्थ बसले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले, दोघांनी धरून चढवलेले. त्यांनी स्टेअरिंग धरलं आणि ते गरागरा फिरलं. सगळ्यांनी माना पुढे काढल्या. मला वाटलं, आता कुणीतरी विचारील की हे इतकं हलकं कसं. त्या गृहस्थांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "आयला. अजून हाय की जोर."

मग रांग लागली. एकेक जण चढला, एकेकानं फिरवलं आणि एकेक जण दहा वर्षांनी लहान होऊन उतरला. एकानं फिरवून झाल्यावर मिशी पिळली. काठीवाल्यानं काठी दुसऱ्याकडे धरायला दिली आणि परत घ्यायला विसरला. गाडीत काही केलं असेल अशी शंका एकालाही आली नाही. सगळ्यांना एकाच वेळी ताकद आली आहे, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

तेवढ्यात मिशीवाले म्हणाले, "आता पोरीला बसवा. बघू या."

पोर म्हणजे मी, वय बावन्न. सगळ्यांनी माझ्याकडे तोंडं केली, हसायची तयारी करून. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले. हात स्टेअरिंगवर ठेवले. एका बोटानं फिरवता येईल हे मला माहीत होतं, आणि त्या क्षणी मला ते फार फार फिरवायचं होतं. मी आबांकडे पाहिलं. ते हसत नव्हते. त्यांचा उजवा हात डाव्या खांद्यावर होता आणि डोळे माझ्या बोटांवर. कुस्तीत हरणाऱ्या पैलवानाचा चेहरा मी कधी पाहिलेला नाही, पण तो तसाच असावा. मी दात आवळले, मान लाल केली, दोन बोटं हलवलं आणि सोडून दिलं.

"न्हाई जमत," मी म्हणाले.

सगळे खदाखदा हसले. आबाही हसले, पण सगळ्यांच्या नंतर.

परत येताना रंकाळ्याच्या बाजूला जरा मोकळा रस्ता लागला. आबांनी गाडी कडेला घेतली, उतरले, गाडीला वळसा घालून माझ्या दाराशी आले. "सरक तिकडं. खांदा भरलाय माझा. तू घे."

मी सरकले. ते बसले, दार लावलं, फेटा काढून मांडीवर ठेवला. गाडी सुरू झाल्यावर समोर बघत म्हणाले, "रंग मारताना ग्रीसची तोंडं उघडी ठेवलीस न्हवं?"

माझ्या हातून गिअर चुकला. "तुम्हाला माहीत होतं?"

"कुंडी फुटली तवाच. रातभर झोप आली न्हाई, सकाळी खाली पडून बघितलं. माझ्या हाताला काय येतंय आन् काय न्हाई, मला कळत न्हाई व्हय?"

"मग मला रोज हरायला का बसवत होता?"

आबा मांडीवरच्या फेट्याचा शेव नीट करत राहिले. मला वाटलं आता चुकलं म्हणतील. आमची गल्ली जवळ आली तसे ते सावरून बसले, फेटा परत डोक्यावर ठेवला, आणि म्हणाले, "वळवताना जरा जोर लावल्यागत कर. गल्लीत माणसं बघत्यात."

मला इतका राग आला की डोळ्यांसमोरचा रस्ता अंधुक झाला. गल्लीच्या तोंडाशी सोनं वाटत सगळे उभे होते. मी एक हात मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यानं, सावकाश, ती गाडी गल्लीत वळवली. मग फाटकातही तशीच वळवली. समोरचे काका ओरडले, "आबा, पोरीनं एका हातानं वळवली की ओ!"

आबांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वळवणारच की. ल्हानपणापास्नं कट्ट्यावरचं दूध पाजलंय तिला. पोराला एक पेला, तर तिला दोन."

मी इंजिन बंद केलं. कट्ट्यावर भाजीची पिशवी धरून उभी असलेली मी मला दिसत होते. आबा उतरायला दार उघडत होते, त्यांना एका हातानं ते उघडेना.

"आबा," मी म्हणाले, "आजवर एकही पेला पाजलेला नाही."

"ठाऊक हाय."

"मग उद्या पाजा. दोन."

त्यांनी दाराची मूठ सोडली. मग म्हणाले, "पाचला उठावं लागतंय."

मी पलीकडून फिरून गेले आणि त्यांचं दार उघडलं.